लार्कियसांचं नाव

नोव्हेंबरचा पहिला दिवस

नाव काढलं! दारावरचं. सकाळीच दोन पाथरवट आणि चार शिपाई आले. 'बाई, बाजूला व्हा,' म्हणाले आणि छिन्नी लावली. 'रुफेलियस' — एवढंसं नाव, पण सासऱ्यांच्या वेळचं, खोल कोरलेलं. ठकठक थांबेचना. चिमण्या पायरीवर बसून बघत होता.

'आई, दगडाला लागेल ना?'

परवा टायटस भावजींना मारलं. सम्राटाविरुद्ध कट केला म्हणे. टायटस भावजींनी! त्यांना घरातलं मांजर हाकलता येत नव्हतं.

माझा नवरा ऑलस तिकडे रावेन्नाला, आरमारावर. त्याला कळलं असेल का? भावाचं कळलं असेल, तर पळाला असेल का? पळ रे बाबा. कुठेही पळ.

दुसऱ्या दिवशी

बाबांकडे आले. मी, चिमण्या आणि एक गाठोडं. बाबांनी दारातच चिमण्याला उचलून घेतलं. मला म्हणाले, 'जेवलीस का?' बस्स, एवढंच. बाबा कमी बोलतात. जे बोलतात ते खरं असतं. बाजारात म्हणतातच — लुशियस लार्कियसने हो म्हटलं की साक्षीदार घरी पाठवा.

आत्या मात्र बोलते. बाबांची थोरली बहीण, विधवा, वर्षानुवर्षं इथेच. तिचंही नाव लार्किया, माझंही लार्किया. आमच्याकडे मुलगी झाली की नाव शोधायचा त्रास कुणी घेत नाही. लार्कियसची ती लार्किया. मोठी नाहीतर धाकटी.

'सांगत होते मी,' आत्या सुरू झाली. 'रुफेलियस! कालपरवा वर आलेली माणसं. आपला पूर्वज पुलावर उभा होता तेव्हा ह्यांचे शेळ्या राखत होते.'

पूल! आत्या दिवसातून एकदा तरी त्या पुलावर जाऊन येतेच. समोर शत्रूची फौज, मागे आपली माणसं पूल तोडतायत, आणि तोंडाशी तिघं जण उभे. होराशियसचं नाव रोममधल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्याच्या शेजारी आमचा स्पुरियस लार्कियस होता, हे फक्त आमच्या घरात माहीत. पुढे घराण्याचं काय झालं? काही नाही. झिजत गेलं. आता बाबा, आत्या आणि मी. आणि बाबांनी मोकळे केलेले गुलाम — त्यांना मालकाचंच नाव मिळतं, म्हणून म्हातारा फिलोसुद्धा लार्कियस. पण रक्ताचा पुरुष एकच उरलाय, आणि त्याचे गुडघे सुजलेत.

नोन्सच्या दिवशी

महिन्याची पाच तारीख, आणि हुकूम निघाला. रुफेलियस घराण्यातले सगळे पुरुष. वय कितीही असो.

मोठ्या जावेची दोन्ही मुलं आजच नेली. बेटावर नेतात म्हणे. कुठल्या बेटावर ते कुणी सांगत नाही. तिथून परत आलेलं पोर मी अजून बघितलेलं नाही.

सात वर्षांखालच्यांना आयडीजनंतर, म्हणजे तेरा तारखेनंतर, नेणार.

चिमण्या साडेतीन वर्षांचा आहे. त्याला अजून जोड्याचा बंद बांधता येत नाही!

आयडीजला सात दिवस

ऑलस गेला.

रावेन्नाहून एक खलाशी आला होता. रात्री छोटी होडी घेऊन एकटाच निघाला, म्हणाला. सकाळी होडी उलटी सापडली आणि त्याचा डगला. बाकी काही नाही. 'बाई, त्या पाण्यात कुणी वाचत नाही.'

रडले नाही. चिमण्या मांडीवर होता. त्याचे केस विंचरत राहिले. विंचरत राहिले. 'आई, दुखतंय,' म्हणाला तेव्हा थांबले.

आयडीजला सहा दिवस

फिलो म्हणतो, पोराला माझ्याकडे द्या, मी डोंगरात घेऊन जातो. सत्तरीचा म्हातारा! जिने चढताना दोनदा बसतो. आणि शिपाई रोज येऊन चिमण्याला बघून जातात. आज एकाने त्याचा गालगुच्चा घेतला.

आत्या म्हणते, 'मन घट्ट कर. पोरं पुन्हा होतील.'

मी तिच्याकडे बघितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हातारीला बोलता येतं, सोसता येत नाही.

आयडीजला पाच दिवस

नीट लिहायला हवं.

दुपारी मसुराची आमटी होती. मी खात नव्हते म्हणून आत्या चिडली. आत्या चिडली की जुनं उकरून काढते.

'कसलं गं तुझं लग्न! बाप सार्डिनियात नोकरीवर, आणि इकडे तू केशरी ओढणी घेऊन उभी! ऑलसला आरमारावर जायची घाई, तुला त्याची घाई. तो फिलो बोटीतून उतरला, "धनी हो म्हणाले" म्हणाला, आणि झालं लग्न! फिलोला बोट लागलेली. त्याने काय ऐकलं, काय सांगितलं, देवाला ठाऊक. मी तेव्हाच म्हटलं होतं, बापाच्या शब्दाशिवाय लग्न म्हणजे लग्नच नव्हे —'

मी वाडगा खाली ठेवला.

'आत्या, परत म्हण.'

'काय?'

'आत्ता म्हणालीस ते.'

बापाच्या शब्दाशिवाय लग्न म्हणजे लग्नच नव्हे. कायदाच आहे तसा! लग्न नाही, तर ऑलस चिमण्याचा बाप नाही. बाप नाही, तर मुलगा आईचा, आईच्या घराण्याचा. मग चिमण्या रुफेलियस नव्हताच कधी. तो लार्कियस!

बाबांनी फक्त सांगायचं — मी हो म्हटलं नव्हतं.

पण बाबांनी हो म्हटलं होतं. आणि बाबा खोटं बोलत नाहीत.

आयडीजला चार दिवस

बाबांना सांगितलं. बागेत नाशपातीच्या झाडाखाली बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

'मी हो म्हटलं होतं.'

'माहीत आहे, बाबा.'

'धक्क्यावर उभे होतो. फिलो म्हणाला, काय सांगू? मी म्हटलं, सांग, हो. आणि तिला म्हणावं, सुखी राहा.'

सुखी राहा! फिलोने हे मला कधी सांगितलंच नाही. उलट्या करत आला होता बिचारा, विसरला असेल. चार वर्षांनी आज पोचलं.

'आता देवासमोर हात ठेवून म्हणू, की मी नाही म्हटलं?' बाबा म्हणाले. 'सम्राटाच्या नावाने खोटी शपथ? कळलं तर मी जाईन, फिलो जाईल. त्याची तर हाडं मोडून विचारतील. ते जाऊ दे. तू कोण मग? परक्याच्या घरात चार वर्षं राहून आलेली बाई. आणि हा? बिनबापाचा.'

'जिवंत, बाबा.'

'लार्कियसांच्या घरात आजवर —'

'जिवंत! बाबा, जिवंत! मला दुसरं काही नको!'

मी ओरडले. बाबांवर. जन्मात पहिल्यांदा. ते काठी घेऊन उठले आणि आत गेले. जेवायला आले नाहीत.

संपलं. माझ्या बापाला त्याचं नाव प्यारं आहे.

आयडीजला तीन दिवस

सकाळी उठले तर चिमण्या शेजारी नाही! नेलं वाटून मी अनवाणी धावले.

बाबांच्या मांडीवर होता. ओसरीत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवलेत त्या कपाटासमोर. कपाट उघडं. बाबा त्याला एकेक दाखवत होते.

'हा कोण?'

'हा स्पुरियस लार्कियस. पुलावर उभा राहिला.'

'एकटा?'

'तिघं होते. लोकांना एकच आठवतो.'

'मग हा रडला?'

बाबांनी मुखवट्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, 'नाही रे. पूल तुटला. गाव वाचलं. तो घरी येऊन जेवला असेल.'

मग मला बघितलं. मांडीवरून पोराला न उतरवता म्हणाले, 'फिलोला बोलाव. आमच्या दोघांचं एकच बोलणं निघायला हवं.'

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

'बापाचं नाव नसलेल्याला कायद्यात स्पुरियस म्हणतात,' बाबा म्हणाले. 'लोक हसायला म्हणतील. आपण नाव म्हणून ठेवू. स्पुरियस लार्कियस. आपल्याकडे होतंच ते.'

आयडीजच्या आदल्या दिवशी

दोन दिवस तेच. 'तुझं नाव काय?'

'ऑलस रुफेलियस!' छाती काढून सांगतो. बापलेकांचं नाव एकच. ऑलसनेच शिकवलं होतं, मागच्या उन्हाळ्यात, खांद्यावर बसवून. 'मोठ्याने सांग, नौदलाला ऐकू गेलं पाहिजे!'

'नाही राजा. स्पुरियस लार्कियस.'

'ते मुखवटेवाले!'

'आणि तू पण.'

अंजीर दिलं, गोष्ट सांगितली, रागावले. एकदा चापट मारली. मी! मग आम्ही दोघं रडलो. संध्याकाळपर्यंत दहातल्या आठ वेळा बरोबर म्हणायला लागला.

झोपताना विचारलं, 'बाबा कधी येणार?'

मी म्हटलं, 'कोण बाबा?'

अंधारात माझ्याकडे बघत राहिला. मग कूस बदलून झोपला.

ऑलस, तुझ्यासाठी काळे कपडे घालता येत नाहीत मला. घातले तर विधवा ठरेन. आरशासमोर बसून केस नीट बांधते रोज. ओठांना रंग लावते. तू बघत असशील तर मान फिरव.

आयडीजच्या दिवशी

बाबांच्या अर्जावर चौकात सुनावणी झाली. सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

न्यायाधीशाला पडसं झालेलं. सारखा नाक पुसत होता. सरकारतर्फे टर्पिलियस नावाचा माणूस — बारीक, गोड बोलणारा, केसांना तेल. मला 'रुफेलियसच्या पत्नी' म्हणाला. मी उत्तरच दिलं नाही. 'लार्कियसच्या कन्या' म्हणाला तेव्हा मान वर केली. तो हसला.

आधी फिलो. टर्पिलियसने विचारलं, 'सार्डिनियाहून तू निरोप आणलास, की मालक लग्नाला राजी आहेत?'

'चीज आणलं,' फिलो म्हणाला.

'काय?'

'शेळीचं चीज, साहेब. तीन मोठे गोल. निरोप नाही. धन्यांना पोरीच्या लग्नाचा पत्ताच नव्हता. मला बोट लागली होती. घरात लग्नाची गडबड. लोक विचारायला लागले, धनी काय म्हणाले? मला उलटी येत होती, मी मान हलवली. लोकांनी हो समजलं.'

मागे कुणीतरी खो खो हसलं. न्यायाधीशसुद्धा. टर्पिलियस हसला नाही.

'म्हातारा हुशार आहे. याला जरा दाबून विचारलं तर?'

फिलोचा चेहरा मेणासारखा झाला. पण पाय हलला नाही. तेवढ्यात बाबा पुढे झाले. काठी माझ्या हातात दिली.

'त्याला कशाला? शब्द माझा होता. मला विचारा.'

वेदीवर हात ठेवला. सगळा चौक बघत होता. बाबांना सगळे ओळखतात ना! भाजीवालेसुद्धा टोपल्या खाली ठेवून उभे होते.

'देवांची आणि सम्राटांच्या दैवताची शपथ. माझी मुलगी मी कुणालाही दिली नाही. हा मुलगा माझ्या घरातला आहे. खोटं असेल तर माझं घर बुडो.'

आवाज अजिबात कापला नाही. तो हात मात्र मी बघितला. नखं पांढरी पडली होती.

न्यायाधीश म्हणाला, 'लार्कियसने शपथ घेतल्यावर आणखी काय हवं?' आणि उठायला लागला. मला वाटलं, सुटलो!

'एक क्षण,' टर्पिलियस म्हणाला. खाली बसला, गुडघ्यावर, चिमण्यासमोर. हातात मधात घोळवलेला खजूर. 'काय रे सोन्या. तुझं नाव काय?'

चिमण्याने खजुराकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग छाती काढली. छाती काढली! तो 'ऑलस' म्हणायच्या आधी तसाच उभा राहतो.

'स्पुरियस लार्कियस!' मोठ्याने. खणखणीत.

आणि मग माझ्याकडे वळून — 'बरोबर ना, आई?'

टर्पिलियसचे डोळे चमकले. 'बरोबर ना, म्हणजे?'

आत्या! आत्या मागून लोकांना ढकलत पुढे आली. 'म्हणजे काय विचारताय? तीन दिवस घोकून घेतोय आम्ही! इतके दिवस घरात कुणी त्याला नावाने हाक मारली असेल तर शपथ! बाप नाही पोराला, नाव काय सांगायचं चारचौघांत? आज तुम्ही चव्हाट्यावर आणलंत म्हणून शिकवावं लागलं. समाधान झालं? पडला आमच्या तोंडाला काळा डाग? आता तो खजूर द्या पोराला. दाखवलाय तर द्या!'

लोक हसले. न्यायाधीश शिंकला. 'मुलगा लार्कियसांचा,' म्हणाला. 'पुढचं प्रकरण.'

चिमण्याने खजूर खाल्ला. बोटंसुद्धा चाटली.

घरी येईपर्यंत आत्या एक शब्द बोलली नाही. दारात पोचल्यावर उंबऱ्यावरच बसली. 'माझ्या तोंडून,' म्हणाली. 'माझ्याच तोंडून म्हणवलं देवाने.'

आयडीजनंतर चौथा दिवस

रोज सकाळी बाबांना भेटायला आठ-दहा माणसं यायची. सल्ला विचारायला, साक्षीला न्यायला. आज कुणी नाही. काल दोघं होते.

बाहेरच्या भिंतीवर कोळशाने काहीतरी लिहिलंय, माझ्याबद्दल. फिलो घासत होता. 'वाचू नका, बाई.' वाचलं होतं मी आधीच.

हौदावर एक बाई आत्याला म्हणाली, 'काय हो, पुलावरचे लार्कियस आता पुलाखाली का?' आत्याने तिच्या डोक्यावर घागर ओतली. भरलेली.

डिसेंबरचा पहिला दिवस

बाबा घरातल्या देवांना धूप घालत नाहीत. रोज सकाळी तेच घालायचे, मी जन्मल्यापासून बघते. आज डबी माझ्या हातात दिली. 'पोराच्या हातून घाल. माझ्या हाताने नको.'

'बाबा, देवांना कळतं.'

'हो,' म्हणाले. 'कळतं. म्हणूनच.'

दुसऱ्या दिवशी

मोठ्या जावेची दोन्ही मुलं गेली. तापाने म्हणे. दोघं. एकाच दिवशी.

सॅटर्नेलियाचा दुसरा दिवस

सणाला मालकांनी नोकरांना वाढायचं असतं. बाबांनी फिलोला वाढलं. डुकराचं मांस, चण्याची उसळ, चांगली दारू. फिलो रडायलाच लागला. 'धनी, मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं.'

'जेव,' बाबा म्हणाले. 'तू लार्कियस, मीही लार्कियस. अर्धं अर्धं वाटून घेऊ.'

चिमण्या टेबलाखाली अक्रोड खेळत होता. हल्ली कुणी न विचारता नाव सांगतो. कुत्र्यालासुद्धा सांगितलं. उन्हाळ्याचं काही बोलत नाही. खांद्यावर बसल्याचं नाही, होडीचं नाही.

विसरला. हेच तर हवं होतं मला!

ऑलसची आठवण आता एकट्या माझ्याकडे आहे. मी मेले की तोही संपला.

जानेवारी, नोन्सच्या दिवशी

दारात एक शिपाई आणि एक कैदी. दाढी वाढलेली, मनगटात साखळी. ऑलस.

शिपाई भला माणूस होता. 'बाई, हा डोंगरात लपलेला सापडला. सम्राटांनी जीव तेवढा ठेवलाय, बेटावर नेतोय. म्हणतो, या घरात माझी बायको आहे. असेल तर तिला बरोबर जायची मुभा आहे. आहे का?'

आतून चिमण्याचा हसण्याचा आवाज येत होता. फिलो माझ्या मागे येऊन उभा राहिला. बाबांच्या काठीचा आवाज आला आणि थांबला.

मी म्हटलं, 'या घरात याची बायको नाही.'

ऑलस माझ्याकडे बघत राहिला. माझ्या रंगवलेल्या ओठांकडे. मग आतल्या आवाजाकडे कान दिला.

'घर चुकलं वाटतं,' तो म्हणाला. 'पाणी मिळेल, बाई?'

मी आणलं. तो सावकाश प्याला. भांडं परत देताना विचारलं, 'मुलगा कुणाचा?'

'आमचा. स्पुरियस लार्कियस.'

'चांगलं नाव आहे,' म्हणाला. 'मोठ्याने घ्यायला सांगा त्याला.'

आणि शिपायाच्या पुढे चालू लागला.